एकाच आईच्या तंतुकणिका

मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळते. पन्नाशी ओलांडल्यावर हे आडून आडून सांगण्यात काय अर्थ आहे? तिच्या नवऱ्यावर नाही, मुलुंडच्या तिच्या उंच टॉवरमधल्या घरावर नाही, बँकेतल्या तिच्या खुर्चीवर तर मुळीच नाही. जळते ती तिच्या अंगातल्या दमावर. बाई पहाटे पाचला उठते. उठते म्हणजे माझ्यासारखी पलंगाच्या काठावर बसून आयुष्याचा विचार करत नाही, उठते ती थेट बुटातच. धावून येते, डबे करते, ऑफिस करते, आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला फोन लावते. "काय गं ताई, आवाज असा का येतोय? झोपली होतीस?"

हो, झोपले होते! दिवेलागणीला, पंखा फुल करून, पर्स अजून खांद्यालाच. पण असं कुणी विचारतं का? वर गणपतीच्या आधी ही ढोलपथकात जाते. चाळिशी कधीच उलटली, तरी कमरेला तो अवजड ढोल बांधून रविवारची सगळी दुपार बडवते आणि सोमवारी मला विचारते, तुझे गुडघे कसे आहेत. आई तिच्याबद्दल म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि माझ्याबद्दल काय, तर ही आपली सावकाश. सावकाश! जसं काही मी रिक्षाच्या मागे लिहिलेली पाटी आहे.

मी अंधेरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. म्हणजे माणसाला दम कुठून येतो, हे मुलांना समजावून सांगायचा मला पगार मिळतो. पोळीचा घास पोटात गेला, त्यातलं ग्लुकोज रक्तातून पेशीपर्यंत पोचलं. पेशीत आधी त्याचे दोन तुकडे होतात. इथवर ऑक्सिजन लागत नाही, आणि हातीही फारसं काही लागत नाही. खरं काम पुढे, तंतुकणिकेत. पेशीच्या पोटातली ही इवलीशी भट्टी. मुलं तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात आणि पेपरात 'पॉवर हाऊस' लिहून मोकळी होतात. तिथे त्या तुकड्यांतली ऊर्जा एकदम भडका न होता टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते. त्यासाठी शेवटी ऑक्सिजन लागतो, उरतो तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि थोडं पाणी, आणि मिळालेल्या ऊर्जेवर पेशी एटीपी बनवते. बोट हलवायचं, पापणी मिटायची, बहिणीवर जळायचं, सगळं त्या एटीपीच्या जोरावर. पुस्तकात त्याला ऊर्जेचं चलन म्हटलंय. मला ते पटत नाही. नोटा गादीखाली दडवता येतात, एटीपीचा साठा करता येत नाही. बनवा, लगेच खर्चा, परत बनवा. जिवंत असण्याचा सगळा खटाटोप तेवढाच आहे. साठवायचं असेल तर चरबी आहे, आणि ते साठवण्यात मी मागे नाही.

त्याच धड्यात मी मुलांना आवडणारी एक गोष्ट सांगते. तंतुकणिका फक्त आईकडून मिळतात. बापाच्या असतात त्या अंडपेशीत टिकत नाहीत. हे ऐकून वर्गातल्या मुली बाकं वाजवतात. माझ्या मात्र दरवर्षी कपाळावर आठी चढते. कारण मग हिशेब सरळ आहे ना! माझ्या पेशींतही आईच्याच भट्ट्या, बहिणीच्या पेशींतही आईच्याच. माल एकाच घरचा. मग तिची भट्टी धडधडते आणि माझी नुसती धुमसते, हा कुठला न्याय? डॉक्टर म्हणाले, थायरॉईड कमी आहे. म्हणजे भट्टीत खोट नाही, जाळ वाढव म्हणून तिला सांगणारा निरोप पुरेसा पोचत नाही. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घ्या. घेते. पण कारण कळलं म्हणून जळफळाट थांबतो असं थोडंच आहे?

गेल्या वर्षी या जळफळाटात चांगलं रॉकेल पडलं. आई घाटकोपरच्या चाळीत एकटी राहायची. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग वडील गेले, खोली राहिली. आता ती चाळही पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. महिनाभरात खोल्या रिकाम्या करा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. नवी जागा मिळेपर्यंत तीन-चार वर्षं आई कुठे राहणार, हा प्रश्न होता. आम्हांला भाऊ नाही. आई ऐंशीच्या जवळ आलेली. तिच्या वयात तीन-चार वर्षं म्हणजे काय, हे आम्हां दोघींना कळत होतं, पण तोंडातून कुणी काढलं नाही.

मला आई माझ्याकडे हवी होती. कर्तव्य वगैरे म्हणून नाही हं, हावरटासारखी हवी होती. बोरिवलीच्या माझ्या घरात मुलाची खोली रिकामीच होती, तो शिकायला बाहेरगावी. आणि दुसरं खरं कारण सांगू? आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आईने बहिणीला सोडून मला निवडलेलं मला बघायचं होतं.

आमच्या रायगडकडच्या माणसांत आईने लेकीकडे राहायची पद्धत नव्हती. माझी आजी तर लेकीच्या घरी चहाचा घोटही घ्यायची नाही. आईने ते कधीच सोडून दिलं होतं, पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. "आधी दोघींकडे आठ-आठ दिवस राहून बघते गो," ती म्हणाली. "मग काय ते सांगते." मुलगी बघायला यावं तशी आई आमची घरं बघणार होती. माझा नवरा म्हणाला, "अगं, आई आहे का परीक्षक?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

पहिला नंबर अर्थातच मुलुंडचा. बहीण गाडी घेऊन दारात हजर. त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो सुरू झाले. आई आरामखुर्चीत. आईचे पाय मसाजच्या मशीनमध्ये. आई खिडकीशी, मागे हिरवा डोंगर. आणि खाली बहिणीचं वाक्य: 'आईला आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही.'

हे वाक्य आमच्याकडे साधं नाही. आमच्या बायकांनी जन्मभर कष्ट उपसलेले असतात. नळावरच्या रांगा, पाट्यावरची वाटणं, गिरणीच्या भोंग्याबरोबर तयार डबे. त्यामुळे आईला बसून खायला घालणं, ही लेकरांची सगळ्यात मोठी पदवी. आमच्यात चांगल्या मुलीची दुसरी व्याख्याच नाही. मावश्यांनी लगेच अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. 'लेक असावी तर अशी.' हो ना! दुसरी लेक काय पाण्यात पडली होती?

मग वालाच्या बिरड्याचा फोटो आला. कडवे वाल, आमच्या आईचा जीव की प्राण. पण वालाचं बिरडं म्हणजे व्याप असतो. वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोला. पाठ मोडते. बहिणीने मुलुंडच्या बाजारातून सोललेलेच आणले होते. आईला त्रास नको म्हणून, असंही लिहिलं होतं खाली. मी तो फोटो मोठा करून आईचं तोंड न्याहाळलं. मला ती भलतीच खुशीत वाटली. रात्री जेवण गेलं नाही मला.

माझी पाळी आली तेव्हा नेमक्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू. रजेचं नाव काढायची सोय नव्हती. तरी मी ठरवलं होतं, आईला पलंगावरून पाय खाली ठेवू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी पहाटे उठून आंबोळ्या केल्या, दुपारचं झाकून ठेवलं, संध्याकाळी भजी तळली. आई म्हणाली, "मी काय करू?" मी म्हटलं, "तू बस." दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त भज्यांच्या जागी बाहेरून आणलेला ढोकळा. आणि वाल भिजत घातले. बहिणीने सोललेले आणले ना? मी घरी मोड आणून, स्वतः सोलून बिरडं करणार होते. बघू मग मावश्या काय म्हणतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर फडक्यात बांधलेल्या वालांना छान मोड आलेले. आईने पुरचुंडी हातात घेतली. "बघ, कशी ऊन लागते. ही अशी तापते का गो? तू शिकवतेस ना ते?"

मी चप्पल काढता काढता सांगितलं. दाणा जागा झाला की श्वास घेतो. आईझाडाने भरून दिलेली शिदोरी त्याच्या पोटात असते, ती तो जाळायला घेतो. त्या ऊर्जेतली काही मोड वाढवायला लागते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. एकेकटा दाणा असता तर कळलंही नसतं, हे सगळे एकत्र बांधलेत म्हणून ऊब जाणवते.

"म्हणजे कामाला लागला की तापतो," आई म्हणाली.

"हो. आणि तापला नाही तर समज, मेला." एवढं बोलून मी सोफ्यावर जरा टेकले. पाच मिनिटं. पाचच मिनिटं, असं मनाशी म्हटलेलं आठवतं.

जाग आली ती बहिणीच्या आवाजाने. आधी वाटलं, स्वप्नातही ही! पण आवाज स्वयंपाकघरातून येत होता. जाऊन बघते तर आई जमिनीवर फतकल मारून बसलेली, पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं, वाल सोलायचं काम जोरात. सिंकमधला भांड्यांचा ढीग घासून पालथा घातलेला. ओट्यावर दुधाच्या पातेल्याला टेकवून मोबाईल उभा, आणि त्यात माझी बहीण, डोळे वटारून.

"ताई! आईकडून वाल सोलून घेतेस? भांडीसुद्धा तिनेच घासली म्हणे! आणि तू झोपली होतीस?"

वाट लागली. तीन दिवसांची सगळी मेहनत एका डुलकीत मातीत गेली. मी तिच्यावर ओरडायचं ते आईवर ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? मी करणार होते ना!" आईने मान वर न करता एक दाणा बोटांत दाबला, साल सुटून पाण्यात पडली. "तू करणार होतीस म्हणूनच केलं," ती म्हणाली. "तुझं कधी व्हायचं?" मोबाईलमधून बहीण म्हणाली, "आई, तू ऊठ तिथून आधी." आईने ओला हात पुढे करून फोनच बंद केला.

बिरडं अप्रतिम झालं होतं. आमसुलं, गूळ, ओल्या नारळाचं वाटण, सगळं आईच्या हातचं. मी ते रागारागाने दोनदा वाढून घेतलं. त्यानंतर उरलेले दिवस मी नाद सोडून दिला. हरलेच होते, तर निदान झोपून तरी घ्यावं. आईने माझी कपाटं लावली, डाळींना ऊन दाखवलं, खालच्या भाजीवालीशी भांडण काढलं आणि मिटवलंही. संध्याकाळी मी आले की पाठीवर हात ठेवून विचारायची, "दमलीस?" मी हो म्हणायचे. मला काय, माझा निकाल लागला होता.

निकाल ऐकायला आम्ही दोघी चाळीतल्या खोलीत जमलो, सामान बांधायच्या दिवशी. बहिणीने नेहमीप्रमाणे सगळं आधीच उरकलं होतं. भांडी पोत्यात, गाद्या दोरीने बांधलेल्या, देव वेगळ्या पिशवीत. मी पेपरात कपबशा गुंडाळत होते आणि तिच्या दंडाकडे बघत होते. घामाचा टिपूस नाही. माझा इथे जिना चढूनच श्वास वर. पोटऱ्या अशा भरून आलेल्या की वर्गात दाखवायला न्याव्यात: बघा मुलांनो, ऑक्सिजन पुरा पडला नाही की स्नायू असं अर्धंमुर्धं काम चालवतात.

"मग आई," बहीण हात झटकत म्हणाली, "टेम्पोवाल्याला मुलुंडचाच पत्ता देऊ ना?"

आई खिडकीत बसली होती. "नको. बोरिवलीचा दे. मी हिच्याकडे जाते."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात असं काही उसळलं की मी तो जिना दोनदा चढून आले असते. पन्नास वर्षांनी! मी बहिणीकडे बघितलं, मुद्दाम बघितलं, आणि तिचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटलं.

"का?" ती म्हणाली. "माझ्याकडे काय कमी होतं?"

"कमी काहीच नव्हतं गो. तेच तर. तुझ्याकडे आठ दिवसांत माझे हात आखडले. सकाळी उठायचं ते कशाला, हेच कळेना. चहा तयार, जेवण तयार, वालसुद्धा सोललेले. तुझं सगळं तूच करतेस. हिच्याकडे मला दमायला मिळालं. दमून झोप लागली मला, कितीतरी दिवसांनी."

म्हणजे माझ्या सिंकमधल्या भांड्यांनी मला जिंकवलं होतं! माझ्या डुलकीने! हसावं की रडावं कळेना. दरवर्षी फळ्यावर लिहिते मी, बनवा आणि खर्चा, थांबलं की संपलं, आणि आईलाच मी तीन दिवस 'तू बस, तू बस' करत होते. पण जिंकले होते ना? मग मला काय त्याचं. मी आईची पिशवी उचलायला वाकले.

तेवढ्यात बहीण लोखंडी ट्रंकेवर बसली. बसली म्हणजे मटकन बसली. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज फाटका. "ताई आजारी पडायची, तेव्हा तू रात्रभर तिच्या उशाशी. ताई शाळेतून दमून आली की तू तिचे पाय चेपायचीस. मी एकदा मुद्दाम म्हटलं होतं, आई, माझेही पाय दुखतात. तू म्हणालीस, तुझे कसले दुखतात, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मग मी कधी बसलेच नाही. मला वाटलं, तुला तेच आवडतं."

मला तिची दया यायला हवी होती, आलीही. पण आईने खिडकीतून मान वळवून तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, तेव्हा माझ्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखलं. आजचा दिवस माझा होता, आणि आजही ही मध्ये आलीच.

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. आईने पदर खोचला. "पुरे गो आता," ती बहिणीला म्हणाली. "ऊठ. माणूस खोळंबलाय खाली."

आणि ती उठली. ओढणीने तोंड पुसलं, वाकली, आणि ट्रंकेचं कडं धरून ट्रंक एका बाजूने उचललीसुद्धा. दुसरं कडं धरायला मी पुढे झाले. आईने माझा हात धरला.

"तू राहू दे गो," ती म्हणाली. "दमशील."